पाणी नको म्हणणारी मुलगी

समाजकार्याच्या कॉलेजातल्या मॅडम पहिल्यांदा आमच्या दारात आल्या तेव्हा मला वाटलं, कशाची तरी वर्गणी मागायला आल्यात. हातात फाइल, खांद्याला कापडी पिशवी, बोलणं साखरेसारखं. मी दार अर्धंच उघडलं. नवीन जालन्यात स्टेशनच्या मागच्या बाजूला आमचं घर आहे. दुपारी दोन ते चार ही माझी झोपेची वेळ, आणि त्या वेळेत कुणीही आलं तरी मी दार अर्धंच उघडते.

"आमची एक विद्यार्थिनी तुमच्याकडं शिकायला पाठवायची आहे," मॅडम म्हणाल्या.

आमच्याकडं शिकण्यासारखं काय होतं? तीन वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणंही गेलं. 'हो', 'न्हाई', 'बस' आणि एक शिवी, एवढे शब्द उरले. आम्ही दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षक. ते मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले, मी त्यांच्यामागून दोन वर्षांनी. मुलगी लग्न होऊन पुण्याला. घरात आम्ही दोघंच, आणि दिवसभराचं उठवणं, बसवणं, भरवणं, पुसणं.

मॅडमनी समजावून सांगितलं. मुलगी गुरुवारी आणि शुक्रवारी येणार, यांच्याशी बोलणार, अपंगत्वाच्या दाखल्यासारखी कामं असली तर धावपळ करणार, आणि असं घर कसं चालतं ते बघणार. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं माझ्या मनात आलं. मी नाही म्हणणारच होते. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आणि वर्षाच्या शेवटी तिला मार्क तुम्ही द्यायचे. तोंडी परीक्षेलाही बोलावू. ज्यांच्या घरी शिकली त्यांनीच सांगावं, शिकली का ते."

मी दार पूर्ण उघडलं. बत्तीस वर्षं पेपर तपासलेल्या बाईला असं आमिष दाखवल्यावर दुसरं काय होणार?

कॉलेजची ही मुलगी शहागडची. गोदावरीच्या काठावरचं गाव. तिथून सकाळची एसटी धरून ती जालन्याला यायची, आधी कॉलेज, मग आमच्याकडं. आडनाव ऐकलं आणि कळलं, जमीनदार घरची, बागायती असणार. आमचं घर बौद्धांचं. समोरच्या भिंतीवर बुद्धाची मोठी तसबीर आहे, आल्या माणसाला दारातूनच दिसते. त्याच खोलीत खिडकीपाशी यांचा पलंग. पहिल्या दिवशी ती आली तेव्हा दारात नळवाला होता; त्याच्याशी बोलणं उरकून मी आमच्या रिवाजाप्रमाणे तांब्याभर गार पाणी आणून पुढं ठेवलं.

"नको काकू, आत्ताच पिऊन आले," ती म्हणाली.

उन्हातून चालत आलेली, ओठ वाळलेले, आणि म्हणे पिऊन आले. मी चहा विचारला. "चहा म्या घेतच न्हाई." दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी ठेवलं. "नको काकू." पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. चौथ्या वेळेला मी तांब्या पुढं केला नाही, आणि तिनं मागितला नाही.

हे बारीकसं वाटेल. मला वाटत नव्हतं. माझी पहिली नेमणूक झाली त्या गावात शाळेच्या चहाला माझा कप वेगळा असायचा, कान तुटलेला. कुणी तोंडानं काही बोलत नव्हतं. सगळे अगदी गोड. फक्त तो कप फळीच्या टोकाला उपडा असायचा आणि माझ्याच पुढं यायचा. माझ्या जन्माच्या आधी आमच्या घरानं धम्म घेतला होता, माझ्या हातात सरकारी नेमणुकीचा कागद होता, आणि तरी तो कप होता. त्यामुळं माझ्या घरात कुणी 'पाणी नको' म्हणालं की माझ्या डोक्यात आधी तो कप येतो. याला कुणी माझा स्वभाव म्हणावं, माझी हरकत नाही.

पण मला दुसरी एक खोड आहे, चौकशीची. नुसतं रागावून मला भागत नाही, का ते कळावं लागतं. आणि या मुलीचं गणित जुळत नव्हतं. एकदा यांच्या तोंडातून लाळ गळत होती, मी रुमाल शोधेपर्यंत तिनं स्वतःच्या ओढणीनं पुसली. त्यांच्या पायाची नखं काढली, तीही पाय मांडीवर घेऊन. कुठूनशी पाटी-पेन्सिल आणली आणि डाव्या हातानं लिहायला बसवलं. हेडमास्तर माणूस, जन्मभर दुसऱ्यांचं अक्षर सुधारलेला, आता पहिलीतल्या पोरासारखा वाकडा 'क' काढत होता आणि हसत होता. मी तीन वर्षांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मला बरं वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं वाईटही वाटलं.

ज्याला विटाळ वाटतो तो पाय मांडीवर घेईल का? मग मी परीक्षा घेतली. एका शुक्रवारी चिवड्याची बशी आणि पाण्याचा पेला ठेवला. तिनं कणही उरवला नाही. पुढच्या वेळी शेंगदाण्याचा लाडू. तोही गेला. पाण्याचा पेला मात्र तसाच. म्हणजे कोरडं चालतं, ओलं चालत नाही! हा तर जुना कायदा. माझी आई सांगायची, पाटलाच्या घरचे लोक आमच्या हातची सुपातली ज्वारी बिनदिक्कत न्यायचे, पण आमच्या माठाकडं पाठ करून बसायचे. माझा निकाल लागला. पाय मांडीवर घेणं हे कॉलेजनं शिकवलेलं, आणि पाणी नाकारणं हे घरून आलेलं. दोन्ही एकाच माणसात असू शकतं, मी कितीतरी पाहिलेत.

तरी मी तिला विचारलं नाही. का विचारलं नाही, याचं उत्तर मला तेव्हा पक्कं ठाऊक होतं: तिची लायकी नव्हती म्हणून.

वर्ष संपत आलं आणि मॅडम फॉर्म घेऊन आल्या. दहा मार्क आमच्या हातात. त्या जरा वैतागलेल्याच होत्या. "काकू, खरं लिहा हो. सगळ्या घरांतून दहापैकी दहाच येतात. लोक म्हणतात, पोरगी आपल्या घरात बसली-उठली, तिचं नुकसान कशाला करायचं. मग विचारून फायदा काय?"

"माझ्याकडून न्हाई येणार दहा," मी म्हटलं.

मी दोन दिले. कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'काम बरं. घरच्यांविषयी आदर कमी.' खाली 'सेवार्थी' म्हणून सहीची जागा होती. सेवार्थी म्हणजे ज्याच्यासाठी काम केलं तो, म्हणजे माझे यजमान. तिथं मी त्यांच्या वतीनं माझी सही ठोकली. बँकेत, दवाखान्यात, सगळीकडं मीच करते.

दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला. मुलीचा अहवालही अर्धवट होता. तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर पुढं काय काय केलं, ते तिनं लिहिलंच नव्हतं, नुसतं 'भेट दिली, गप्पा मारल्या'. त्यात माझे दोन. अशानं ती क्षेत्रकार्यात, म्हणजे या घरोघरच्या कामात, नापास होणार होती. त्यात नापास म्हणजे सगळं वर्ष पुन्हा. आणि तिच्या घरच्यांनी बजावलं होतं, या वर्षी पास झाली तर पुढं, नाहीतर शिक्षण बंद.

"मार्क बदला असं मी म्हणत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण तोंडी परीक्षेला या. तुमचं जे काय आहे ते तिला तिथं विचारा."

मी शेजारच्या वहिनींना यांच्यापाशी बसवलं आणि गेले. इस्त्रीची साडी नेसले होते. कॉलेजात मला टेबलाच्या मागं, मॅडमच्या शेजारी खुर्ची दिली. दुसऱ्या बाजूला बाहेरून आलेले एक सर. मुलगी समोर, हातांची बोटं एकमेकांत घट्ट गुंफून. सर तिला पुस्तकातलं विचारत होते, ती बरं सांगत होती. मग त्यांनी अहवाल उलटा धरून झटकला, जणू आतून काही पडेल. "पुढं काहीच कसं नाही? रोज नुसत्या गप्पा?"

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि खाली बघितलं.

मॅडमनी मला खूण केली. मी घसा साफ केला. "माझा एकच प्रश्न हाय. तू वर्षभर माझ्या घरी आलीस. चिवडा खाल्लास, लाडू खाल्लास. पाण्याचा थेंब न्हाई घेतला. का?"

तिला प्रश्न कळलाच नाही बहुतेक. मग तिचा चेहरा लाल झाला. सरांकडं बघून ती पुटपुटली, "सांगू का?"

"त्याच्यासाठीच तर विचारून राह्यले."

"काकू, सकाळी साडेसहाला घर सोडते, रात पडायच्या आत घरी पोचते. स्टँडवरच्या बाथरूमला जावं वाटत न्हाई इतकं घाण. कॉलेजच्याला कुलूप. मंग दिवसभर पाणीच पीत न्हाई. कुठंच न्हाई पीत. चिवडा चालतो, पाण्यानं पंचाईत होती."

"अगं, माझ्या घरी बाथरूम न्हाई का?"

"पहिल्याच दिवशी तुम्ही नळवाल्याला म्हणल्या ना, की आमच्यात एकच बाथरूम हाय, यांना कधीबी लागतं, म्हणून बाहेरच्या माणसाला वापरू देत न्हाई. मी तिथंच उभी होते. अन् तिकडं जायचं तर तुमच्या झोपायच्या खोलीतून जावं लागतं. तुम्ही दार लावून झोपता."

सर खिडकीबाहेर बघायला लागले. माझ्या पहिल्या गावच्या शाळेला संडास नव्हता. सात वर्षं मी सकाळी घरून निघाले की संध्याकाळपर्यंत घोटभरच पाणी प्यायचे. फडकं ओलं करून ओठांना लावायचे. पोरींनाही तेच करताना बघायचे. हे मला सांगायला कुणी लागत नव्हतं, हे माझ्या अंगाला माहीत होतं. आणि तिच्या वाळलेल्या ओठांकडं बघून मला फक्त कप आठवला. तो कप खरा होता, हे मी आजही म्हणेन. पण तो या मुलीचा नव्हता.

मी मॅडमना म्हणणार होते की फॉर्म परत द्या, तेवढ्यात मुलगी माझी दया येऊन म्हणाली, "एवढं काय न्हाई काकू त्याच्यात. सवय होती. काका पण तसंच करतेत."

आणि जीभ चावली.

"काका काय करतेत?" मी विचारलं.

"काय न्हाई."

"ए पोरी. काका काय करतेत?"

तिनं मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी मान हलवली. "पाणी पीत न्हाईत काका. तुम्ही बाटली भरून ठेवता, ते खिडकीतल्या मनीप्लँटच्या कुंडीत ओततेत. डाव्या हातानं. तिसऱ्या टायमाला आले तवा मला दिसलं. दुसऱ्या कुणाला नसतं दिसलं, पण मी पण तसंच करते ना, मंग ओळखू येतं."

त्या बाटलीचा मला केवढा अभिमान! डॉक्टरांनी वर्षात तीनदा सांगितलं होतं, लघवीत जंतू होऊन ताप येतोय, पाणी वाढवा. म्हणून मी बाटलीवर स्केचपेननं दोन दोन तासांच्या रेघा मारल्या होत्या. संध्याकाळी बाटली रिकामी बघून मी डॉक्टरांशी भांडायचे, की एवढं पाणी पाजते, तुमचंच औषध कुचकामी. मनीप्लँट मात्र खिडकीची जाळी भरून गेला होता, आणि मी आल्यागेल्याला सांगायचे, माझा हातगुण.

"पण का?" मी विचारलं.

"मी पाटी देऊन विचारलं त्यांना. काकू, त्यांना उठवून तुम्ही बाथरूमपर्यंत चालवत नेता. तुमचे गुडघे दुखतेत. अन् परत लागलं की तुम्ही म्हणता ना, 'पुन्हा?' तेवढंच त्यांनी लिहिलं. 'पुन्हा'. अन् पुसून टाकलं."

त्यानंतरचं तिनं भराभर सांगितलं. गुरुवारी-शुक्रवारी मी झोपले की ती त्यांना दोन पेले पाणी पाजायची. दवाखान्यातून आणलेलं लघवीचं भांडं पलंगाखाली धूळ खात पडलं होतं, ते तिनं घासून काढलं. ते त्यांच्या हातात देऊन ती बाहेर ओट्यावर थांबायची, मग घराला वळसा घालून मागच्या मोरीत ओतून, धुऊन जागेवर ठेवायची. मला चाहूल लागू न देता. बाकीचे पाच दिवस मात्र पाणी कुंडीलाच. "मला तुम्हाला सांगता येईना. अन् अहवाल तुम्हा घरच्यांना वाचून दाखवायचा नियम हाय. तुम्हाला वाईट वाटलं असतं. म्हणून गप्पा मारल्या असं लिहिलं."

"हे सांगायला पाहिजे होतं," मॅडम तिला म्हणाल्या. "तब्येतीचा प्रश्न होता."

"हो मॅडम. चुकलं."

बागायतदाराची पोरगी माझ्या घरात मी झोपलेली असताना माझ्या नवऱ्याचं लघवीचं भांडं धूत होती, आणि मी लिहिलं होतं, आदर कमी. त्या खोलीत मला इतकी लाज वाटली की तिथून उठून जावंसं वाटलं. पण उठून जाणं सोपं झालं असतं. मी फॉर्म मागून घेतला. खोडून दुसरा आकडा घालायला पेन काढलं आणि थांबले. सहीच्या जागेकडं लक्ष गेलं.

"मॅडम, हा फॉर्म माझा न्हाईच की. ज्यांचा हाय त्यांना कुणी विचारलंच न्हाई. कधीपर्यंत चालेल?"

"पाचला मार्क पाठवायचे आहेत. कोरा फॉर्म देते."

मी रिक्षा केली. मस्तगडावरून येताना नेहमी भाजी घेते, त्या दिवशी रिक्षा थांबवली नाही. वहिनींना घरी पाठवलं. ते पलंगावर टेकून बसले होते, डावा हात मांडीवर. बाटली तिसऱ्या रेघेपर्यंत उतरलेली. मी कुंडीतल्या मातीला बोट लावून पाहिलं नाही. ते माझ्याकडं बघत होते, आणि बहुधा माझ्या तोंडावरून त्यांना कळलं होतं.

"पोरीला मार्क द्यायचेत," मी म्हटलं. "दहापैकी. किती?"

त्यांनी डावा पंजा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"सगळेच दहा देतेत. मॅडम वैतागल्यात. नीट विचार करून सांगा."

त्यांनी मला त्यांच्याकडं उरलेली ती एक शिवी दिली. मी दहा लिहिले. पेन त्यांच्या डाव्या हातात दिलं, फॉर्मखाली पाटी धरली. सही व्हायला पाच-सात मिनिटं लागली. तीन वर्षांत मी त्यांना एकदाही सही करू दिली नव्हती, वेळ लागतो म्हणून.

मला विचारायचं होतं, मला सांगितलं का नाही. पण ते विचारलं असतं तर त्यात पुन्हा माझंच रडगाणं झालं असतं, आणि त्यांच्याकडं उत्तराला शब्द नव्हते. मी दुसरंच विचारलं.

"अन् मला किती?"

ते हसतील, पंजा दोनदा उघडतील, असं मला वाटलं. अडतीस वर्षांचा संसार आहे. ते हसले नाहीत. सहामाहीचा पेपर हातात घेतल्यावर बघायचे तसं त्यांनी माझ्याकडं नीट, सावकाश बघितलं. मग हात वर केला. तीन बोटं.

"दहापैकी?"

"हो."

आम्ही दोघांनी जन्मभर पस्तीसला पोरं पास केली. त्या हिशोबानंही मी नापास. मला रडू आलं, आणि त्या रडण्यातच त्यांचं कौतुकही वाटलं, की बाकीच्या घरांसारखे दहा देऊन मोकळे झाले नाहीत. अख्खी शाळा त्यांना सर म्हणायची, घरात मी कधी म्हटलं नव्हतं. निकालाच्या दिवशी पोरांच्या आया त्यांच्या टेबलापाशी उभ्या राहायच्या, तशी मी पलंगापाशी उभी राहिले.

"एक वाढवा ना, सर," मी म्हटलं.

"न्हाई," ते म्हणाले.